सत्त्याण्णव चिंचोके

जगात बूड न टेकणारी माणसं पुष्कळ असतील, पण माझ्या थोरल्या नणंदेला देवानं बूड दिलंय की नाही, याचीच मला लग्न झाल्यापासून शंका आहे. रेणापूरजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत त्या पहिली-दुसरीला शिकवायच्या आणि रविवारी लातूरला आमच्याकडे यायच्या. चहा ठेवावा तर वन्सं गच्चीवर, गच्चीवर चहा न्यावा तर शेजारणीकडे, आणि तिथे हाक मारावी तर मागच्या दाराने माझ्याच स्वयंपाकघरात शिरून सगळी भांडी खाली काढलेली. "वैनी, ह्या तांब्यात पेले किती बसतील? आधी अंदाज बोला, मग मोजू." मी म्हटलं, चार. साडेपाच बसले. मग पातेलं, मग कळशी, मग शेजारणीची कळशी. तोवर गॅसवरचं वरण करपून त्याचा वास जिन्यापर्यंत गेला होता, आणि वन्सं मात्र सोमवारच्या धड्याची तयारी झाली म्हणून खुशीत.

पहिलीच्या पोरांच्या हातात पट्टी लवकर द्यायची नाही, हा त्यांचा हट्ट. आधी वितीनं मोजायचं, हातानं मोजायचं, पावलांनी मोजायचं, आणि पुरेसं भांडायचं. एकच फळा कुणाच्या सात विती भरायचा, कुणाच्या नऊ. पोरं एकमेकांना लबाड म्हणायची, क्वचित झिंज्याही उपटायची, आणि या रणधुमाळीत वन्सं फेऱ्या मारत राहायच्या. "भांडू द्या. हात लहानमोठे असतेत हे त्यांचं त्यांना कळलं, की पट्टी स्वतःहून मागतेत." नांदेडला माझ्या दिराचं लग्न होतं, तेव्हा भटजी अंतरपाट शोधून थकले. अंतरपाट मंडपामागे होता आणि वऱ्हाडातली डझनभर पोरं त्याला ओळीनं विती लावत होती. मुहूर्त टळायला आला, सासऱ्यांचा आवाज चढला. वन्सं शांतपणे म्हणाल्या, "दोनच पोरं राह्यलीत, थांबा की जरा." थांबले सगळे. या बाईपुढं कुणाचं काही चालत नाही.

गेल्या वर्षी मात्र त्यांची ही धावपळ वेगळीच झाली. शाळेत पोरं अकरा. वरून पत्र आलं, की एक किलोमीटरच्या आत दुसरी शाळा असेल तर ही तिच्यात मिळवायची. नकाशावर शेजारच्या गावची शाळा आतच दिसत होती. वन्सं तरातरा कार्यालयात गेल्या. "नकाशावरून पाखरं जातेत, साहेब. माझी पोरं वढ्याला वळसा घालून जातेत. रस्त्यानं मोजा, बाराशे मीटर भरतंय." साहेब माणूस बरा होता. म्हणाला, माझ्यासमोर मोजून दाखवा, पुरा किलोमीटर भरला तर शाळा राहील.

बाराशे हा आकडा त्यांनी हवेतून काढला नव्हता. वर्षामागं पोरांनी तो रस्ता पावलांनी मोजला होता, चोवीसशे पावलं. पाऊल अर्ध्या मीटरचं धरून वन्संनी हिशेब केला. सहा-सात वर्षांच्या पोराचं पाऊल तेवढं कुठलं पडायला? दुसऱ्याच्या पोरांना लहानमोठे हात शिकवणाऱ्या बाईनं स्वतः तीच चूक करावी, याला काय म्हणावं! पण त्यांची खात्री इतकी, की मोजणीही त्यांनी पोरांकडूनच करवली. दहा मीटरची दोरी, दोन पोरं दोन टोकांना, आणि दुसरीतली एक चिमुरडी पिशवी घेऊन मागं. दोरी एकदा टाकली की पिशवीत एक चिंचोका. शंभर चिंचोके झाले की शाळा वाचली. निघताना एका पालकानं हळूच सुचवलं, "मॅडम, दोरी जरा ढिली धरायला सांगा की पोरांला." वन्संनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो पार शेवटपर्यंत वीस पावलं मागून चालला.

दुसऱ्या शाळेच्या पायरीला दोरी टेकली. पोरीनं तिथंच मातीत बसून चिंचोके ओतले, दहा-दहाचे ढीग लावले, पुन्हा एकदा मोजले. साहेबानं विचारलं, "किती गं?" पोरीनं आधी बाईंकडे पाहिलं, मग खणखणीत सांगितलं, "सत्त्याण्णव. दोनदा मोजले."

तीन चिंचोके कमी पडले. जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं, पोरं वळशाच्या रस्त्यानं शेजारच्या गावी जाऊ लागली आणि वन्संना दुसरीकडे नेमलं. मी त्यांना याबद्दल कधी विचारलं नव्हतं. परवा रविवारी शेंगा फोडता फोडता त्या आपणहूनच बोलल्या.

"वैनी, त्या पोरीनं माझ्याकडं पाह्यलं ना, तवा मी मनात म्हणून राह्यले होते, शंभर म्हण गं माय, एक डाव शंभर म्हण. पोरांला आयुष्यभर खरं माप सांगा म्हणून शिकवलं, अन् मीच असं."

मी विचारलं, "मग तिनं सत्त्याण्णव म्हटल्यावर?"

"मग काय. बरोबरच होतं की. पाठीवर हात फिरवला, शाबास म्हणले." त्या शेंगेचं टरफल बोटात चुरत राहिल्या. "लई खुश झाली. पळत जाऊन साऱ्यांला सांगितलं तिनं. बाई शाबास म्हणल्या, म्हंजी आपली शाळा राह्यली, असं वाटलं तिला."