मनकर्णाताईंचा बास्क प्रांत

सदर इसम स्त्री असून नाव कु. मनकर्णा माणिकराव इंगळे. वय एकोणसाठ वर्षे पूर्ण. राहणार मोताळा, जिल्हा बुलढाणा. व्यवसाय: अंगणवाडी पर्यवेक्षिका, सेवानिवृत्त. वैवाहिक स्थिती: अविवाहित. ओळखीची खूण: उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग. स्थावर मालमत्ता: निरंक. अवलंबित व्यक्ती: निरंक. प्रवासाचे प्रयोजन: पर्यटन. सदर ठिकाणी करावयाची कामे: निरंक.

यातली शेवटची नोंद कोणत्याही नमुन्यात विचारलेली नसते. ती ताईंनी स्वतःच्या मनाने धरलेली, आणि पुढचा सगळा घोळ तिच्यावरूनच झाला.

ताई जन्मापासून एकाच घरात राहतात. आधी ते वडिलांचं होतं, आता मोठे भाऊ उत्तमराव यांचं आहे. लग्न न जमण्याची कारणं काळानुसार बदलत गेली: आधी पत्रिका, मग नोकरी, मग वय, आणि शेवटी वहिनीचे गुडघे. वहिनी म्हणजे सरस्वतीबाई. त्यांचे गुडघे ज्या वर्षी दुखायला लागले त्या वर्षापासून स्वयंपाकघर ताईंकडे आलं, आणि पुढे गुडघ्यांचं ऑपरेशन उत्तम होऊनही ते परत गेलं नाही. सकाळी घरचं रांधून ताई गावोगावच्या अंगणवाड्यांवर तपासणीला जात आणि पोरांची खिचडी चाखून बरी की वाईट ते लिहीत. दुसऱ्याच्या हातचं जेवण त्यांनी आयुष्यात खाल्लं ते असं, चमचाभर, शासकीय कामाचा भाग म्हणून.

निवृत्तीनंतर एका संध्याकाळी त्या टीव्हीसमोर गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. उत्तमरावांना बातम्या हव्या होत्या, पण रिमोट सापडत नव्हता, म्हणून परदेशातली सायकलींची शर्यत चालू राहिली. हिरव्या डोंगरातून सायकलवाले आले आणि गेले. रस्त्याकडेला लोक टोप्या हलवून ओरडत होते. एका दगडी घरापुढे एक म्हातारी लाकडी खुर्चीवर बसली होती. तिच्या मांडीवर भाजी नव्हती, सूप नव्हतं, नातवंड नव्हतं. एवढी दुनिया दारावरून गेली, पण बाई उठली नाही. चहाचंसुद्धा कोणाला विचारलं नाही.

निवेदक म्हणाला, हा बास्क प्रांत.

पुढचे कित्येक महिने ताईंनी मोबाइलवर त्या प्रांताचा अभ्यास केला. तो निम्माअधिक स्पेनमध्ये आहे आणि उरलेला फ्रान्समध्ये. पाऊस भरपूर, मेंढ्या भरपूर. तिथल्या भाषेचं जगातल्या कोणत्याही भाषेशी नातं लागत नाही. नातेवाईक नसलेली भाषा असू शकते हे वाचून ताईंना तिचा हेवा वाटला. तिथे घरांना नावं असतात आणि पूर्वी माणसं घराच्या नावाने ओळखली जात. घर-शेत तुकडे न करता आईबाप निवडतील त्या एका लेकराला मिळे, मग ती मुलगी का असेना.

हे शेवटचं त्यांनी उत्तमरावांना पोळी वाढताना सांगितलं.

“आन बाकीच्याइनं काय कराचं?” उत्तमराव म्हणाले.

“जहाजावर जात.”

“पाहा बरं, कशी दुनिया हाये! आपल्याकडं तसं नाही. आपल्याकडं सगळ्या लेकराइले सारखं.”

ताईंनी दुसरी पोळी वाढली. वडील गेल्यावर त्यांनी हक्कसोडपत्रावर सही केली होती. त्या दिवशी उत्तमरावांनी बहिणीला मोरपंखी साडी नेसवली, निबंधक कार्यालयातून येताना पेढे घेतले, आणि संध्याकाळी घरी पुरणपोळी झाली. ती कोणी केली हे सांगायची गरज नाही. त्यात फसवणूक अशी काहीच नव्हती. तालुक्यात बहिणी सही करतातच. जी करत नाही तिचं माहेर तुटतं. ताईंना दुसरं घरच नव्हतं, त्यामुळे त्यांनी तो कागद दोनदा वाचूनही पाहिला नाही.

सहलीचा बेत पूर्ण झाला तेव्हा तो असा होता: बास्तान नावाच्या खोऱ्यात एलिझोंडो गावाबाहेर एका शेतघरात आठवडाभर मुक्काम, मग तोलोसात शनिवारचा बाजार, मग समुद्राकाठचं एक कोळ्यांचं गाव, आणि परत. त्यांनी तो घरात सांगितला, कारण या घरात मोताळ्याच्या बाजाराला जायचं तरी सांगूनच जातात. सांगितलं तेव्हा शेजारचे शेषराव पेपर वाचायला आलेले होते.

“तिथं पहिल्या दिवशी काय पाहाचं हाये?” उत्तमरावांनी विचारलं.

“पोहचून झोपाचं.”

“दुसऱ्या?”

“गावात एक चक्कर. नदी हाये.”

“तिसऱ्या?”

“काही नाही.”

“काही नाही म्हंजे?”

“काही नाही म्हंजे बसाचं. घरापुढं. खुर्चीवर.”

शेषरावांनी पेपर खाली ठेवला. “ताई, काही नाही पाहाले इतक्या दूर कायले जाता? काही नाही तं आपल्या मोताळ्यातच लय हाये!”

सगळे हसले. ताईही हसल्या. पण बेत बदलला नाही, आणि आठ दिवसांनी त्यांचा पासपोर्टही आला. तेव्हा कुठे घराला ही बाई खरंच निघाली आहे हे कळलं.

“एकटी बाई परमुलखात,” उत्तमराव म्हणाले. “लोकं मले इचारतीन.”

दिवाळीला उत्तमरावांचा मुलगा कुलदीप पुण्याहून आला, त्याची बायको डिंपल सोबत होती. काळजीचा विषय त्याच्यापुढे ठेवला गेला. त्याने ताईंच्या मोबाइलवर शेतघराचे फोटो पाहिले. दगडी भिंती, खिडक्यांना लाल झडपा, अंगणात सफरचंदाचं झाड, झाडाखाली खुर्ची. तो बोटाने फोटो सरकवत गेला आणि एकावर थांबला.

“पप्पा, याले किचन हाये! पूर्ण किचन! ओव्हन, फ्रिज, सगळं!”

उत्तमराव पूर्वी दोनदा बसने तीर्थयात्रा करून आले होते. त्या बसच्या टपावर गॅसची टाकी आणि पिठाची पोती असत, आणि मागच्या सीटवर दयाराम नावाचा आचारी. उत्तमरावांच्या मते प्रवास शक्य होतो तो ड्रायव्हरमुळे नव्हे, दयाराममुळे.

“मंग तं जमते,” ते म्हणाले. “जेवनाचंच टेन्शन होतं.”

“दयारामले पासपोर्ट कुठं हाये?” सरस्वतीबाईंनी शंका काढली.

“दयाराम कायले लागते? आत्या हाये ना!” कुलदीप म्हणाला, आणि प्रेमाने आत्याच्या खांद्यावर हात ठेवला. प्रेम खरं होतं. कुलदीप आत्याच्याच हातचं खाऊन वाढलेला.

अशा रीतीने एकटीची सहल पाच जणांची झाली, आणि शेषरावांना सपत्नीक विचारल्यावर सातांची. डिंपलने वेळापत्रक हातात घेतलं. एवढ्या लांब गेल्यावर पॅरिस सोडायचं कसं, म्हणून पॅरिस आलं. बिल्बाओचं संग्रहालय आलं. कोळ्यांचं गाव गळालं, तोलोसाचा बाजार अर्ध्या दिवसाचा झाला. शेतघर मात्र तीन रात्री टिकलं, स्वयंपाकघरामुळे.

ताईंनी एकदाच प्रयत्न करून पाहिला. “गावात एक छोटं हॉटेल हाये,” त्या म्हणाल्या. “तिथं सकाळचा नाश्ता तेच देतात.”

“हॉटेलात काऊन?” सरस्वतीबाई म्हणाल्या. “बाई, तुमी असताना हॉटेलातलं कोन खाईन? त्याइच्या हातचं आपल्याले पचते का?”

त्यावर ताईंनी मनाशी हिशोब मांडला. सकाळी लवकर उठून सातांचं करून टाकलं, तर दुपारी खुर्ची मोकळी असेल. तीस वर्षं नोकरी सांभाळणाऱ्या बाईला हा हिशोब अवघड नव्हता. त्यांनी हॉटेलचा विषय सोडला.

व्हिसाचे अर्ज कुलदीपने बैठकीत बसून भरले. उत्तमरावांच्या अर्जाला सातबाऱ्याच्या नकला जोडल्या, त्यांचं इंग्रजी भाषांतरही करून आणलं. विहीर, संत्र्याची झाडं, ट्रॅक्टर, सगळं त्यात आलं. शेषरावांचंही शेत होतं. कुलदीप आणि डिंपलच्या नावावर पुण्यातला फ्लॅट होता. सरस्वतीबाईंना नवरा होता. ताईंच्या अर्जाला पेन्शनचा कागद लागला, आणि बाकी रकाने कुलदीपने भरभर भरले, कारण त्यात भरायला काही नव्हतं. मुंबईला जाऊन सगळ्यांनी बोटांचे ठसे दिले.

तीन आठवड्यांनी पासपोर्ट परत आले. सहांच्या पासपोर्टात व्हिसा चिकटवलेला होता. सातव्यात एक छापील कागद घडी करून ठेवला होता. कुलदीपने तो आधी स्वतः वाचला, मग मराठीत सांगितला: अर्जदार मुदत संपण्यापूर्वी मायदेशी परत जाईल याबाबत वाजवी शंका आहे, मायदेशाशी तिला बांधून ठेवणारं काही असल्याचा पुरेसा पुरावा नाही.

मग उत्तमरावांना हसू फुटलं. “म्हंजे त्याइले वाटलं, मनकर्णा तिकडंच पयून जाईन!”

शेषरावही हसले. “ताई, खरंच वापस आल्या नसत्या काय?”

“नसती आली,” ताई म्हणाल्या. “त्याइले कसं समजलं, काय मालूम.”

हा विनोद आहे असं ठरवून सगळे पुन्हा हसले, फक्त या वेळी जरा उशिरा.

“नाही ना आत्या, तसं नाही,” कुलदीप समजावू लागला. “ते कागद पाहातात. तुझ्या नावावर काहीच नाही ना. एखादं एकर जरी असतं तुझ्या नावानं, तरी…”

उत्तमराव वर पंख्याकडे पाहू लागले. पंखा बंद होता.

“पुन्हा अर्ज करता येते,” कुलदीप म्हणाला. “पन आता टाइम नाही. आन आपली तिकिटं तं निघेल हायेत.”

“मंग आमी तिकडं खाचं काय?” सरस्वतीबाईंनी विचारलं. त्या दिवसातला तो सगळ्यात प्रामाणिक प्रश्न होता. पुढचा आठवडा घर त्याच्याच उत्तरात गुंतलं. ताईंनी दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, ज्वारीचं पीठ बारीक दळून आणलं, आणि परदेशातल्या शेगडीवर भाकर कशी फुगवायची ते डिंपलला दाखवलं. डिंपल मनापासून शिकत होती.

“आत्या,” ती पीठ मळता मळता म्हणाली, “तुमचा तो काही-नाहीचा दिवस होता ना शेतघरातला, तिथं आम्ही सफरचंदाच्या दारूचा कारखाना पाहायचं टाकलं आहे. गाइडेड टूर. चालेल ना?”

“पानी थोडं थोडं घाल,” ताई म्हणाल्या. “एकदम घातलं की भाकर फाटते.”

जाण्याच्या दिवशी बोळवण करायला सकाळपासून माणसं आली. उत्तमरावांना नारळ मिळाले, टोपी मिळाली. संत्र्याला पाणी कधी द्यायचं, गाई दोहायला कोण येईल, हरभरा काढणाऱ्या मजुरांना काय काय खायला लागतं हे त्यांनी ताईंना अंगणात उभं राहूनच सांगितलं. व्हिसा-कार्यालयाचा कागद कुलदीपने नीट फाइलला लावून दिला होता. पुढच्या अर्जाच्या वेळी तो दाखवावा लागतो म्हणे.

त्या दुपारी ताईंच्या हातचं जेवायला एकवीस माणसं होती.