उशिरा आलेला आठवा

माझी थोरली बहीण नेरळला एकटी राहते. भावोजी गेल्यावर तिने योगवर्ग केला, भजनी मंडळ केलं, हास्यक्लबही करून पाहिला, पण कशातच तिचं मन रमलं नाही. त्यामुळे ती खालापूरकडच्या एका साधना केंद्रात जायला लागली तेव्हा मला आधी बरंच वाटलं. मग एक दिवस तिने फोन उचलून ‘हॅलो’च्या जागी ‘प्रकाश’ म्हटलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

“तिथे करता काय तुम्ही?” मी विचारलं.

“बसतो. दीदी बोलतात ते ऐकतो. म्हणजे त्या नाही बोलत गं, त्यांच्या तोंडून गुरू बोलतात. तू एकदा ये, म्हणजे कळेल.”

मी कर्जतहून निघाले आणि खालापूरजवळच्या शिळफाट्याला रिक्षा केली. केंद्र कुंभिवली गावाच्या आतल्या अंगाला, गोदामांच्या मागे होतं. पत्ता ऐकून रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

“जांभळा बंगला ना? फाटकापातुर सोडतो. आत नाय घेत आमाला.”

“काय चालतं तिथे?”

“ठाव नाय, ताई. भजन नाय, आरती नाय. माणसं भरपूर हाय, पण आवाज नाय.”

त्याला त्या शांततेचाच संशय होता. आत गेल्यावर मलाही तो आला. चपला एका रेषेत लावलेल्या होत्या आणि फोन दारातच काढून घेत होते. बहीण आधीच येऊन पुढे बसली होती. दीदींना मी ओळखलं. काही वर्षांपूर्वी त्या शिळफाट्याला इंग्रजी संभाषणाचे वर्ग घ्यायच्या. तेव्हा भराभर बोलणारी ही बाई आता डोळे मिटून, एकेक शब्द तोलून बोलत होती. हिमालयात सात महात्मे गुप्तपणे राहतात, प्रत्येकाचा एक किरण असतो, जगाची सूत्रं त्यांच्या हाती आहेत आणि सगळ्या धर्मांचं मूळ एकच आहे, असं ते बोलणं होतं. शेवटी त्या म्हणाल्या, “हे ज्ञान पृथ्वीवर प्रथमच शब्दांत उतरत आहे.”

प्रथमच उतरत नव्हतं. आमच्या घरात ते जेवणाच्या पाटावर उतरून गेलं होतं. माझे वडील कर्जत स्टेशनवर पार्सलचे कारकून होते आणि त्यांना थिऑसॉफीचा नाद होता. सुट्टीच्या दिवशी ते मुंबईला अभ्यासवर्गाला जायचे. खूप वर्षांपूर्वी काही परदेशी मंडळींनी आपल्याकडचं आणि तिकडचं एकत्र करून हा विचार मांडला, असं ते सांगत. पुढे त्यातून एकेक पंथ फुटत गेला, कारण प्रत्येकाला वाटलं की महात्मे आता फक्त आपल्याशीच बोलतात. हे सांगताना बाबा हसायचे. त्यांना तो विचार आवडायचा, पण निरोप आणणाऱ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता.

परतीच्या वाटेवर मी बहिणीला म्हटलं, “हे सगळं बाबांकडून ऐकलंय आपण.”

“हो ना,” ती खुशीत म्हणाली. “खरं असेल ते दोघांनाही सारखंच दिसणार.”

मी तिच्यासाठी जात राहिले. माझं लक्ष मात्र दीदींवर असायचं. प्रवचन झालं की त्या एकेकाला कोपऱ्यातल्या खोलीत बोलावून चहा द्यायच्या आणि हळू आवाजात बोलतं करायच्या. बाहेर येणाऱ्यांचे डोळे ओले असायचे. मलाही बोलावलं.

“लहानपणी घरात काय कानावर पडायचं तुमच्या?” त्यांनी विचारलं.

“गाड्यांच्या वेळा,” मी म्हटलं.

त्या हसल्या, पण नजर माझ्यावरून काढली नाही.

त्यानंतर एका गुरुवारी दीदींनी प्रवचनात आठवे गुरू सांगितले. सात जणांना किरण वाटले गेले, तेव्हा आठव्यांनी करुणेपोटी आपला किरण त्यागला. ते हिमालयात न राहता इथे, आपल्या सह्याद्रीत राहिले. मागे पडलेल्या प्रत्येक जिवाचं नाव ते लक्षात ठेवतात. सभागृहात कुणीतरी हुंदका दिला. माझ्या अंगावर मात्र काटा आला, आणि तो भक्तीचा नव्हता.

आठवा महात्मा बाबांनी माझ्यासाठी रचला होता. मी जेवायला फार वेळ लावायची. सगळे हात धुऊन उठले तरी माझं ताट भरलेलंच असायचं, आणि बहीण चिडवायची म्हणून मी रडायची. एकदा बाबा माझ्याजवळ बसून म्हणाले, “अगं, महात्म्यांतही एक असा आहे. किरण वाटायच्या दिवशी तो झोपून राहिला. पोचला तोवर सातही संपले होते. मग बाकीच्यांनी त्याला आपल्या माथेरानच्या डोंगराआड बसवलं आणि काम दिलं, जे जे मागे राहतील त्यांची नावं लक्षात ठेव.” हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. आम्हा दोघी बहिणींखेरीज ते ठाऊक असलेलं माणूस आता हयात नाही.

फाटकाबाहेर येताच मी बहिणीला थांबवलं. “तू सांगितलंस ना दीदींना?”

“सांगितलंही असेल. चहाच्या वेळी किती काय बोलतो आपण.”

“मग तो संदेश कसा झाला? बाबांनी मला घास भरवायला केलेली गोष्ट आहे ती.”

ती शांतपणे म्हणाली, “आणि बाबांना कुणी सुचवली?”

ती हे भांडून म्हणाली असती तर सोपं गेलं असतं. तिने ते मनापासून म्हटलं होतं. मी पुरावा म्हणून जे पुढे केलं होतं, त्यामुळेच तिची श्रद्धा आणखी घट्ट झाली होती.

मी तशीच आत परतले आणि दीदींना गाठलं.

“आठव्याची गोष्ट माझ्या वडिलांची आहे. तुम्ही ती माझ्या बहिणीकडून ऐकलीत,” मी म्हणाले.

त्या दचकल्या नाहीत. “ऐकली असेन. डोळे मिटले की शब्द येतात. कुठून येतात ते मी शोधत नाही.”

“शोधायला हवं.”

“तुमच्या वडिलांनी शोधलं होतं?”

मी त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी शोधत होते. ती दिसली असती तर बहिणीला हाताला धरून घरी नेलं असतं. मला दिसली ती एक थकलेली बाई. स्वतःचं बोलणं तिला स्वतःलाच खरं वाटत होतं. की तेही सोंग होतं? अजून सांगता येत नाही.

मी जाणं सोडलं. बहीण जातेच. आता तिथे दर गुरुवारी आठव्या गुरूंसाठी एक ताट वाढून ठेवतात आणि सर्वांचं जेवण होईपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही, असं ती सांगते. केंद्रात तिला मान आहे. लोक तिच्या पाया पडतात. तिची तब्येतही सुधारली आहे, हे मला कबूल करावं लागतं.

परवा ती माझ्याकडे आली होती. आम्ही वाल सोलत बसलो होतो. सोलता सोलता ती सहज म्हणाली, “बाबा आणखी काय काय सांगायचे गं आपल्याला? मला हल्ली आठवत नाही.”

मला बरंच आठवत होतं. पाचव्या महात्म्याला मांजरं आवडायची, तेही.

“नाही आठवत,” मी म्हटलं आणि कुकर लावायला उठले.