पाठीची गोळी

हे मी घरीही सांगितलेलं नाही. लकडगंजातल्या माझ्या औषधाच्या दुकानात मिरचीची पोती उचलणारा एक हमाल रोज यायचा. तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकून उपाशीपोटीच पाठदुखीची गोळी गिळायचा. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती द्यायची नसते; मी चिठ्ठी कधी मागितली नाही. मग तो महिनाभर दिसला नाही, आणि माझी झोप उडाली.

परतला तो वाळून. तोंडात खर्रा नव्हता. पायरीवर बसून सारखी लाळ गिळत होता.

"पोटात अल्सर निघाला, भाऊ. डॉक्टर म्हणते, थुकीत ग्रोथ फॅक्टर असते, त्यानं जखम भरते. अन् मी ते मलम रोडवर थुकून राहिलो होतो."

तो हसला. मला हसता येईना.

"डॉक्टरले गोळीचं सांगितलं का गा?"

"काहून? ते पोटाचे डॉक्टर. गोळी तं पाठीची व्हय. द्या एक."

हात पुढे होता.

"हे त्याच गोळीनं झालं असन," मी म्हणालो. "घेत राहशील तं जखम भरणार नाही." डॉक्टरांना दाखवायला गोळीचं नाव कागदावर लिहून दिलं.

त्यानं कागद परत माझ्यापुढे धरला.

"खाली दुकानाचा शिक्का मारा. नाही तं डॉक्टर मले खोटा समजन."

शिक्का समोरच होता. तो उचलायला मला फार वेळ लागला.