नानांचा रकाना

फॉर्म हातात आला की नाना आधी चष्मा पुसत, मग पेनाचं टोपण दातांत धरून तो शेवटच्या पानापासून वाचत. चोपडा गावात आमच्या गल्लीचे सगळे फॉर्म हे निवृत्त मास्तरच भरत. माझा कॉलेजचा फॉर्मही त्यांनीच भरून घेतला. आमच्या घरात तोवर दहावीपुढे कुणी गेलं नव्हतं. मी एक जागा कोरी ठेवली, तर म्हणाले, "रकाना रिकामा सोडू नको, पोरी. रिकामी जागामा लोके त्यासना मननं लिखतस. काही नसलं तर 'निरंक' लिहावं."

पुढे मी सोनगीरजवळच्या एका वृद्धाश्रमाचं कार्यालय सांभाळू लागले आणि नाना तिथेच दाखल झाले. सोबत दत्तूभाऊ. चोपड्यात दोघं तीस वर्षं एका घरात राहिले होते. फॉर्मवर 'एकमेकांशी नाते' यापुढे नानांनी सुबक अक्षरात 'मावसभाऊ' लिहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला कळलं होतं. मी शिक्का मारला. त्यांना एक खोली मिळाली.

खोलीचं दार नाना कायम अर्धं उघडं ठेवत. दत्तूभाऊंना मधुमेह होता, इन्सुलिन नानाच टोचत. "मास्तर, जरा हळू टोचा, मी तुमचा विद्यार्थी नाही," असं दत्तूभाऊ मुद्दाम मोठ्याने म्हणत.

मग वर्तमानपत्रांत वाद सुरू झाला. जोडीने राहणाऱ्या दोन म्हाताऱ्या पुरुषांना, दोन बायकांना वृद्धाश्रमांनी नाकारू नये, वेगळं काढू नये, असा कायदा हवा की नको? जेवणघरात एक निवृत्त तलाठी म्हणाले, "राहू द्या कुठे राहायचं ते. माझ्या पंगतीला नको."

"तुमच्या पंगतीचं वरण तरी कुठं दाट शे?" दत्तूभाऊ म्हणाले. सगळे हसले. नानांच्या हातातला घास तसाच राहिला.

त्याच आठवड्यात सरकारी पत्र आलं. आपल्याकडे असे ज्येष्ठ आहेत काय? नाना कार्यालयात आले, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "निरंक लिही."

मी म्हटलं, नाना, हे तुमच्यासाठीच तर चाललंय.

"कायदा येईल तेव्हा येईल. आठे बठ्ठा लोके, लहानमोठे सगळे, माले नाना म्हनतस. उद्या काय म्हनतीन?" मग खाली बघत म्हणाले, "आणि दत्तूला दुसरी खोली दे."

मी दोन्ही केलं. त्यांचा शब्द कधी मोडला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही नोकरीची भीती वाटत होती.

दोन महिन्यांनी दुपारच्या झोपेतच दत्तूभाऊंची साखर उतरली आणि ते उठलेच नाहीत. नव्या खोलीतल्या सोबत्याला काही कळलं नाही. नानांना कळलं असतं.

मावसभावाला दहा दिवसांचं सुतक नसतं. चौथ्या दिवशी तलाठीबुवांनी नातवाच्या वाढदिवसाचा शिरा वाटला आणि आग्रहाने नानांनाही वाढला. नानांनी तो सगळ्यांसमोर संपवला, वाटी विसळून ठेवली.

वर्षाच्या आत नानाही गेले.

परवा तेच पत्र पुन्हा आलं. मी टोपण दातांत धरलं आणि शेवटच्या पानापासून वाचलं. मग लिहिलं: 'होते. दोघे. आम्ही त्यांना वेगळं केलं.' नावं मात्र लिहिली नाहीत. नानांची तेवढी भीती मी जपली.

कागद सहीसाठी अध्यक्षांच्या टेबलावर ठेवलाय. त्यांची गाडी आत्ताच फाटकातून आत आली.