मिस्त्रींची कवळी आणि माझी पिकप

आमचे काळाचौकीचे मिस्त्री इंजिन दातांनी ऐकायचे. थट्टा करत नाही. गिरणीच्या साचाखात्यात, मागांच्या खडखडाटात त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि दोन्ही कान कामातून गेले. मग त्यांनी चाळीच्या नाक्यावर पत्र्याची शेड टाकली आणि गाड्या दुरुस्त करायला घेतल्या. म्हणजे बघा, बहिऱ्या माणसाने धंदा निवडला तो आवाज ओळखण्याचा. हातभर लांब स्क्रूड्रायव्हर चालू इंजिनाला टेकवायचा, लाकडी मूठ दातांत धरायची आणि डोळे मिटायचे. "कान खोटा बोलतत, हाड बोलणा नाय," असं ते म्हणत. त्यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून नीट ओठ हलवायचे. साचाखात्यात सगळे तसंच बोलत.

इंजिनातल्या ठोक्यांचे त्यांच्या लेखी दोनच प्रकार. चढावर येणारी हलकी टकटक म्हणजे पाहुणा. स्पार्क घाईत पडतो, पेट्रोल वेळेआधी पेटतं; टायमिंग जरा मागे घेतलं की पाहुणा आपल्या वाटेने जातो. खालून येणारा जड ठोका म्हणजे घरमालक. बेअरिंग गेलं. "घरमालक दार ठोकूक लागलो काय खोली खाली करून घेतल्याबिगर जाणा नाय," असं म्हणून ते इंजिन खोलायला घेत. कुठलं बेअरिंग ते शोधायला एकेका प्लगची वायर काढून बघायचे. ज्या वायरीला ठोका मंदावला, त्या सिलिंडरात घरमालक. त्यांचं निदान चुकलेलं आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं.

त्यांच्या बायकोला आम्ही सगळे वैनी म्हणायचो. वैनींना मुंबई सोडून मालवणकडे गावी जायचं होतं. रोज सकाळी त्या विषय काढत आणि मिस्त्री रोज दुसरीकडे तोंड फिरवत. एकदा मात्र कचाट्यात सापडले आणि बोलून बसले, "ज्या दिवशी माझो अंदाज चुकलो, त्या दिवशी बिऱ्हाड बांधूया." वैनींनी ते देवासमोर पुन्हा एकदा वदवून घेतलं. बाई पक्की होती.

पुढे मिस्त्रींचे दात पडायला लागले. वैनींनीच भुणभुण करून त्यांना परळच्या दंतवैद्याकडे नेलं आणि मिस्त्री वरखाली पूर्ण कवळी बसवून आले. फोटोला निघालेल्या नवरदेवासारखे दिसत होते. नेमकी त्याच आठवड्यात माझी पिकप ठोकायला लागली.

मी एका मंडपवाल्याची पिकप चालवायचो. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. आज लालबाग, उद्या घोडपदेव, परवा प्रभादेवी. सभा नाही असा दिवस जायचा नाही. फळ्या, बांबू, कर्णे पोहोचवता पोहोचवता मी आणि गाडी दोघंही मेटाकुटीला आलो होतो. आणि त्यात पुलाच्या चढावर ही टकटक.

मिस्त्रींनी मूठ दातांत धरली आणि त्यांचा चेहरा पडला. "घरमालक." पहिली वायर काढली, ठोका तसाच. दुसरी, तिसरी, चौथी, ठोका तसाच. "चारी खोल्यांत घरमालक. एक गप झालो तरी बाकीचे ठोकतत," ते म्हणाले. इंजिनाचा खालचा चेंबर उतरवला. बेअरिंगं बघतो तर घासलेल्या समईसारखी लखलखीत. पुन्हा जोडलं, पुन्हा घरमालक, पुन्हा खोललं. असे तीन दिवस गेले. सभेच्या फळ्या कार्यकर्ते डोक्यावरून नेऊ लागले. त्यातला एक जाता जाता विचारून गेला, "मिस्त्री, आधी काय मिळणार, मुंबई की पिकप?"

चौथ्या दिवशी त्यांनी शेजारच्या धडधाकट टॅक्सीला स्क्रूड्रायव्हर लावला. तिथे घरमालक. मग पिठाच्या गिरणीच्या मोटारीला लावला. तिथेही घरमालकच. मिस्त्री परत येऊन माझ्या चालू पिकपपाशी उभे राहिले. तेवढ्यात वैनी डबा घेऊन आल्या. कवळी घालून मिस्त्रींना काही चावता येत नसे, म्हणून जेवायला बसताना त्यांनी ती काढून मडगार्डवर ठेवली. आणि काय सांगू, ती कवळी आपली आपण कडकड वाजायला लागली. इंजिन थरथरतंय, आणि वरचे दात खालच्या दातांवर आपटतायत. घरमालक मिस्त्रींच्या तोंडात राहत होता.

मी पोट धरून हसलो. मग मिस्त्रींकडे पाहिलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते नुसत्या हिरड्यांत मूठ धरू बघत होते आणि ती निसटत होती. दोनदा धरली, दोनदा निसटली. स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून ते म्हणाले, "जाऊया गो गावाक."

वैनींनी डबा बाजूला सारला, हात पदराला पुसले आणि स्क्रूड्रायव्हर उचलून मूठ स्वतःच्या दातांत धरली. मला हातानेच खूण केली, चालव. मी ब्रेक दाबून, गिअर टाकून, अर्ध्या क्लचवर गाडीला जोर लावायला लावला. मिस्त्री एकेक वायर काढून लावत होते. वैनींनी डोळे मिटले होते, अगदी त्यांच्यासारखे. मग त्या नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि सावकाश म्हणाल्या, "पावणो आसा. घरमालक नाय."

"नक्की?"

"इतकी वर्षां ह्याच तर ऐकतंय."

मिस्त्रींनी टायमिंग केसभर मागे घेतलं. त्या संध्याकाळी मी फळ्या भरून पूल चढलो तेव्हा इंजिनातून चकार शब्द आला नाही. दुसऱ्या दिवसापासून शेडमध्ये वैनींसाठी एक स्टूल आलं. ड्रायव्हर लोक आधी हसले, मग रांगेत उभे राहू लागले.

बऱ्याच वर्षांनी मिस्त्रींच्या हातांना कंप सुटला, तेव्हा दोघं गावी निघाली. माझ्याच पिकपमधून मी त्यांना भाऊच्या धक्क्यावर सोडलं. मिस्त्री बोटीत जागा धरायला पुढे गेले आणि मी इतकी वर्षं मनात ठेवलेलं विचारून टाकलं. "वैनी, त्या दिवशी मिस्त्री 'जाऊया' म्हणाले, तेव्हा तुम्ही नुसतं 'हो' म्हणाला असतात, तर तेव्हाच गावी गेला असतात. अडाण्यासारखा तो स्क्रूड्रायव्हर कशाला उचललात?"

वैनी माझ्याकडे बघतच राहिल्या. "हेंचा तोंड बघलंस ना त्या दिवशी?" त्या म्हणाल्या. "तसला तोंड गावाक नेवन मी काय करू?"

मी त्यांची ट्रंक उचलली.