मामीचं वजन आणि रापणीचा दोर

जाड माणूस समोर आला की तो आजारीच आहे, हे तुम्हाला कोण सांगतं? माझ्या मामीएवढे आरोग्याचे सल्ले आमच्या अख्ख्या किनाऱ्यावर आजवर कुणालाच मिळालेले नाहीत. भाजीवाली, पोस्टमन, लग्नात शेजारच्या पानावर बसलेला अनोळखी पाहुणा, सगळे तिचे डॉक्टर. मामी प्रत्येकाचं शांतपणे ऐकून घ्यायची आणि आणखी एक वडा उचलायची. "माजा वजन माका जड नाय, तुमका कित्याक?"

मांडवात शिरली की प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या एकमेकींत घालून मगच ती बसे, आणि बसताना "सांभाळा रे!" म्हणून मोठ्याने ओरडे, म्हणजे कुणाला चोरून हसावं लागू नये. समुद्रात उताणी पडून तासभर तरंगे आणि तिथूनच किनाऱ्यावरच्या बायकांशी गप्पा मारी. मामा मात्र सडसडीत, म्हणून सगळे त्यांना काटक म्हणत. त्यांची साखर किती वाढली आहे ते कळलं, पायाची जखम महिनाभर भरेना तेव्हा. बारीक माणसाला तपासून घे, असं कोण सांगतो?

पण मामी खरी बघावी ती रापणीला. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकून येतात आणि मग त्याचे दोन दोर माणसं किनाऱ्यावरून ओढतात. दोराला हात लावेल त्याला मासळीचा वाटा, हा आमच्याकडचा रिवाज. बाकीच्या बायका टोपल्या घेऊन वाट बघत. मामी दोराच्या अगदी शेवटच्या टोकाला, कमरेला वेढा घेऊन, टाचा वाळूत रोवून उभी. लाट मागे खेचू लागली की पुढचे पंधरा-वीस पुरुष लटपटत, मामी हलत नसे. म्होरक्या आधी विचारी, "मामी रवली मा? मग भियाक नको!"

मी पत्रकं वाचत आणि वाटत वाढलेली मुलगी. दारू, हुंडा, वाळूउपसा, सगळ्यांविरुद्ध आमच्या घरात गठ्ठे असत. गावात आरोग्य शिबिर ठरलं तेव्हा मी एका बैठकीत पत्रक लिहून टाकलं, 'लठ्ठपणा म्हणजे स्वतःवरच अन्याय!' मामीने ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "भाषा बरी आसा गो तुजी."

दोन वर्षांपूर्वी तिला दम लागू लागला. मी तिला कुडाळला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी काट्यावर उभं केलं, आकडा बघितला, म्हणाले, "वजन उतरवा, रात्रीचं जेवण बंद." दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. स्टेथोस्कोप दोघांच्याही गळ्यातच राहिला. मामी काहीतरी बोलू बघत होती, मीच तिला तोडलं, "मामी, आधी वजनाचं बघ." तिने बघितलं. चार महिन्यांत ती ओसरली. रस्त्यात लोक थांबवून म्हणत, "काय गो मामी, बारीक झालंस! बरा दिसता!" सगळ्यात मोठ्याने कौतुक मी केलं.

मग एका सकाळी रापणीत तिच्या हातून दोर सुटला. पुढची रांग वाळूत कोसळली. एकजण कपडे झटकत ओरडला, "मामी, डायटिंग सोड गो, मासळी गेली!" सगळे हसले. मामी वाळूत बसली ती उठेचना. उपकेंद्रातल्या नर्सबाई मासे घ्यायला आल्या होत्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि मामीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. आत पांढरंफटक.

"मामी, अंगावरून रक्त जातंय का?"

"सात-आठ म्हयने झाले."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

मामीने माझ्याकडे बघितलंही नाही. "कोणाक सांगू? इचारल्यान कोणी? सगळ्यांचे डोळे काट्यार!"

अंगातलं रक्त निम्म्यावर आलं होतं. साखर, रक्तदाब अगदी ठीक. गर्भाशयात गाठ होती, ती कॅन्सरची निघाली. ऑपरेशन वेळेत झालं, असं डॉक्टर म्हणतात. कुणाच्या वेळेत, ते मी विचारलं नाही.

वजनाचा त्रास नसतोच, असं मी म्हणत नाही. मामीचे गुडघे दुखत, जिन्यावर ती तीनदा थांबे, आणि वजनामागून साखर येते हेही मला ठाऊक आहे. काटा खोटं बोलत नाही. पण तो फक्त वजन सांगतो, आणि आम्ही त्याच्याकडून मामीची सगळी तब्येत काढून घेतली. माझ्या पत्रकातली माहिती बरोबर होती. मामीला काय होतंय, हा प्रश्न तेवढा त्यात नव्हता.

मामी आता बरी आहे. बारीक आहे. साडी सैल होते म्हणून दोन-दोनदा खोचते. अजूनही कुणी ना कुणी बाजारात तिला अडवून विचारतं, "काय केलंस गो? आमका पण सांग मगो!" ती हसते. "सांगान हां कधीतरी," म्हणते आणि पिशवी या हातातून त्या हातात घेते.

माझी तुम्हाला एकच विनंती आहे. तुमच्या घरातल्या जाड माणसाबरोबर एकदा दवाखान्यात जा. डॉक्टर आकडा बघून कागद पुढे ओढतील, तेव्हा नम्रपणे विचारा, "ही बारीक असती तर तुम्ही काय काय तपासलं असतं? तेवढं सगळं तपासा." आणि तपासेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.