चार बोटं राखून ठेवलेली सिंगल माल्ट

सावंतनाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी भांडुपला, आमच्या समोरच्या चाळीत सभेची पत्रकं वाटत होतो. शेवटच्या खोलीपर्यंत वाटली, मगच नानांकडे गेलो. काम अर्धवट टाकून गेलो असतो तर त्यांनी तिरडीवरून हाकललं असतं...

आमची चाळ पुनर्विकासाला निघाली तेव्हा रहिवाशांच्या कमिटीचे प्रमुख नाना होते. जिन्याखालच्या खोलीत राहणाऱ्या सुमनमावशीला बिल्डरने अपात्र ठरवलं; म्हणे ती खोली नकाशातच नाही. बाकीच्यांनी निमूट सह्या कराव्यात म्हणून त्याने नानांकडे स्कॉटलंडची जुनी, दुर्मीळ सिंगल माल्ट व्हिस्की पाठवली. किंमत ऐकून अख्खी चाळ ती बघायला जिन्यात जमली. नाना शौकीन माणूस. बाटली उजेडाला धरून त्यांनी रंग डोळे भरून पाहिला आणि घेऊन आलेल्या माणसाला परत दिली. "साहेबांना सांग, आधी सुमनची खोली नकाशात आणा."

सह्या अडल्या. गळक्या छपराखाली आणखी काही पावसाळे गेले. लोक चिडत, "नाना, एका बाईपायी सगळ्यांची वाट लागेल!" नाना म्हणत, "आज ती, उद्या तू." शेवटी नमला तो बिल्डर! इमारत उभी राहिली आणि पहिली चावी सुमनमावशीच्या हातात पडली. त्या दिवशी त्याने पुन्हा तीच बाटली धाडली. नानांनी पुन्हा परत केली. गणपतीला काढतो तशी घराघरातून वर्गणी काढून आम्ही तशीच बाटली आमची आणली.

नव्या गच्चीवर सगळे जमले. मी तोंड फिरवलं, "नाना, ही भांडवलदारांची चैन."

"मग त्यांनाच का ठेवायची रे, कॉम्रेड? आ कर."

पण त्याआधी गाऱ्हाणं, कोकणातल्या रीतीने देवाला सगळ्यांचं साकडं. चार थेंब कठड्याबाहेर शिंपडून नानांनी मालवणी सूर लावला, "बा राखणदारा म्हाराजा, जसां आमकां घर गावलां, तसां समोरच्या चाळीकय गावांदे!"

"व्हय म्हाराजा!" गच्ची दणाणली.

प्रत्येकाला औषधाचं एक टोपणभर. पहिला मान सुमनमावशीचा. "शी! ड्रेसिंगच्या औषधाचा वास येतोय!" ती म्हणाली आणि टोपण पुन्हा पुढे केलं. माझ्या जिभेवर आधी धूर आला, मग खारेपणा, आणि पार शेवटी मध... इतक्या उशिरा येणारा गोडवा मी तोवर चाखला नव्हता.

तळाशी चार बोटं उरली असताना नानांनी बूच दाबलं. "ही समोरच्यांची."

तेराव्याला त्यांच्या सुनेने ती बाटली माझ्या हाती ठेवली. ती माझ्या खिडकीत उभी आहे; तिच्यातून समोरची चाळ मधाच्या रंगाची दिसते. काल त्या चाळीतला शेवटचा अडवलेला भाडेकरू पात्र ठरला. समोरच्यांना नव्या घरांच्या चाव्या मिळतील त्या दिवशी बूच मी काढणार. गाऱ्हाणं मला पाठ आहे, आणि 'व्हय म्हाराजा' म्हणायला आता दोन चाळी आहेत.